हजेरीपट ते संकेतस्थळाची नोंदवही : अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात अभ्यागतसंख्येची ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या संकेतस्थळाच्या तळाशी लहानशा चौकटीत झळकणारा अभ्यागतसंख्येचा आकडा आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. नॅकसाठीचा स्वयं-अध्ययन अहवाल, वार्षिक गुणवत्ता अहवाल, संस्थेची माहितीपुस्तिका अशा अनेक ठिकाणी हा आकडा उद्धृत केला जातो. 'संकेतस्थळास आजवर इतक्या लाख लोकांनी भेट दिली' हे वाक्य लिहिताना ते 'लोक' खरोखर कोण होते, त्यांना कोणी मोजले आणि मोजताना 'एक' कशाला मानले, असे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. संगणकाने दिलेला आकडा म्हणून तो निर्विवाद ठरतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र असा आकडा नवा नाही. कोणतेही साधन हाती आले की ते कोणी, केव्हा, कशासाठी निर्माण केले याची छाननी करावी, त्याचे बाह्य व अंतर्गत परीक्षण करावे, हा या विद्याशाखेचा पहिला पाठ आहे. संकेतस्थळाची आकडेवारी हेही एक साधनच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात माणसे मोजण्याची जी जुनी परंपरा आहे तिच्या शेजारी ही आकडेवारी ठेवून तिचा अर्थ लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जत्रा, शिरगणती आणि हजेरीपट

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड अहमदनगर जिल्ह्याविषयी असून तो १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्ह्यातील जत्रांची माहिती देताना त्यात जमणाऱ्या लोकांच्या संख्याही दिल्या आहेत. या संख्या शेकडा वा हजाराच्या पूर्णांकात येतात, आणि पूर्णांक दिसला की तो मोजलेला नसून अंदाजलेला आहे हे जाणत्या वाचकाच्या ध्यानात येते. मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेत डोंगर चढणाऱ्या माणसांची शिरगणती करण्याची सोय कोणत्याच कचेरीकडे नव्हती. तरीही त्या आकड्यांना मोल आहे, कारण कोणती जत्रा मोठी व कोणती लहान हा क्रम त्यांतून कळतो.

१७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री झालेल्या जनगणनेने याच्या अगदी उलट पद्धत अवलंबिली. त्या एका रात्री जो मनुष्य जेथे आढळेल तेथे तो मोजावयाचा, असा नियम होता. म्हणूनच अशा गणनेसाठी मोठ्या जत्रांचे दिवस टाळले जात, कारण एरवी एखाद्या लहान गावाची लोकसंख्या एका रात्रीपुरती शहराएवढी झाली असती. ही एका रात्रीची पद्धत १९३१ पर्यंत चालली. नियम बदलला की माणसे तीच राहूनही संख्या बदलते, ही गोष्ट जनगणनेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

प्रस्तुत विषयाच्या सर्वांत जवळचा दाखला मात्र दुष्काळी कामांचा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्यात मदतकामे निघाली. १८७८ मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर दुष्काळग्रस्त मजूर होते. त्या काळच्या अहवालांत मजुरांचा आकडा येतो तो 'दररोजची सरासरी' म्हणून. पुढे १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली, रोजगार हमी योजना आकारास आली, तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेने जिल्ह्याच्या बोलीत 'मस्टर' हा शब्द कायमचा रुजविला. पाझर तलावावर शंभर मजूर सहा दिवस आले की हजेरीपटावर सहाशे मनुष्यदिन नोंदले जातात. सहाशे मजूर एकच दिवस आले तरीही मनुष्यदिन सहाशेच. पहिल्या प्रसंगी शंभर घरांत चूल पेटली, दुसऱ्या प्रसंगी सहाशे, हा फरक एकूण बेरजेत दिसत नाही. शिवाय हजेरीपटावर जी नावे असत ती सारी माणसे कामावर असतच असे नाही. खोट्या हजेरीच्या तक्रारी महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाल्या आणि मस्टर पाहावयास मिळावे हा माहितीच्या अधिकाराच्या मागणीतील एक प्रमुख मुद्दा बनला. त्या मागणीचा आवाज याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीतून उठला, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

जत्रेचा अंदाज, शिरगणतीची रात्र आणि मस्टरवरील मनुष्यदिन ही तीन परिमाणे लक्षात ठेवली तर संकेतस्थळाच्या आकडेवारीचे कोडे बरेचसे सुटते.

सर्व्हर काय लिहितो?

जिनिव्हा येथील सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उभारलेले वर्ल्ड वाइड वेब १९९१ मध्ये जगासाठी खुले झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. जिल्ह्यातील संस्थांची संकेतस्थळे त्यानंतर हळूहळू आली. बहुतेकांनी स्वतःचा सर्व्हर न बसविता दूरच्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर वार्षिक भाड्याने जागा घेतली. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदत असल्याने हे भाडे महाविद्यालयाच्या खर्चात बसत असे.

हा सर्व्हर प्रत्येक मागणीची एक ओळ आपल्या नोंदवहीत लिहितो. मागणी ज्या संगणकीय पत्त्यावरून आली तो पत्ता, तारीख व वेळ, मागितलेली फाइल, ती मिळाली की नाही हे सांगणारा संकेतांक आणि पाठविलेल्या माहितीचे आकारमान, एवढेच मूलतः त्या ओळीत असते. माणसाचे नाव त्यात नसते, गाव नसते, येण्याचे कारणही नसते. तलाठ्याच्या दप्तरातील नोंदीप्रमाणे ही ओळ आपल्या कामापुरतीच बोलते.

या ओळी वाचून कोष्टके तयार करणारी सॉफ्टवेअर लवकरच निघाली. केंब्रिजच्या स्टीफन टर्नर यांचे 'ॲनालॉग' १९९५ मध्ये, ब्रॅडफर्ड बॅरेट यांचे 'वेबलायझर' १९९७ मध्ये आणि फ्रान्समधील लॉरां देस्तेयेर यांचे 'एडब्ल्यूस्टॅट्स' २००० मध्ये आले. भाड्याच्या जागेसोबत मिळणाऱ्या नियंत्रण-कक्षात ही सॉफ्टवेअर आयतीच असत. महाविद्यालयाच्या संगणक विभागातील शिक्षकाने आकडेवारी प्रथम पाहिली ती बहुधा येथेच.

या कोष्टकांतील पहिला व सर्वांत मोठा आकडा 'हिट'चा असतो आणि गोंधळ येथूनच सुरू होतो. हिट म्हणजे एका फाइलची एक मागणी. समजा, महाविद्यालयाच्या मुखपृष्ठावर १८ छायाचित्रे व चिन्हे आहेत. पृष्ठाची मूळ फाइल एक, छायाचित्रे अठरा आणि मराठी अक्षरांसाठी उतरवून घ्यावा लागणारा फॉन्ट एक, अशा वीस मागण्या एका विद्यार्थ्याच्या एका टिचकीतून निर्माण होतात. प्रवेशाच्या दिवसांत ५०० विद्यार्थ्यांनी अशी दोन-दोन पृष्ठे प्रथमच उघडली तर नोंदवहीत २०,००० हिट जमा होतात आणि अहवालात 'वीस हजार अभ्यागत' असे छापले जाते. शिर्डीत उत्सवाच्या दिवसांत विकल्या गेलेल्या लाडू-प्रसादाच्या पाकिटांची संख्या संस्थानकडून जाहीर होते, पण पाकिटांच्या संख्येलाच भाविकांची संख्या म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. एक भाविक शेजारपाजाऱ्यांसाठी चार पाकिटे नेतो हे सर्वांना ठाऊक असते. हिटच्या बाबतीत हे भान सुटले.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत एक अधिकची बाब नमूद करणे आवश्यक आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये असे. वाचकाकडे तो फॉन्ट नसेल तर तो सर्व्हरवरून उतरविला जाई किंवा मजकुराचे सरळ चित्रच पृष्ठावर लावले जाई. दोन्ही प्रकारांनी हिट वाढत. उलट शोधयंत्रांना त्या अक्षरांतून मराठी शब्द ओळखता येत नसल्याने शोध घेत येणारा वाचक मात्र दुरावत असे. म्हणजे ज्या कारणाने आकडा फुगला त्याच कारणाने वाचक कमी झाले. त्या काळच्या कोष्टकांवरून मराठी वाचकांची वाढ दाखवू पाहणाऱ्या संशोधकाने हे विसरू नये.

हिटच्या खालोखाल 'पृष्ठे', 'भेटी' व 'एकमेव अभ्यागत' अशी परिमाणे येतात. भेट म्हणजे एका पत्त्यावरून सलग आलेल्या मागण्या. पण सलग म्हणजे किती वेळ? वेबलायझर नेहमीच्या मांडणीत तीस मिनिटांचा खंड पडला की नवी भेट धरतो, तर एडब्ल्यूस्टॅट्स एक तास वाट पाहतो. सकाळी दहाला वेळापत्रक पाहून पावणेअकराला पुन्हा आलेला विद्यार्थी पहिल्यात दोन भेटींचा, दुसऱ्यात एकाच भेटीचा धनी होतो. नोंदवही तीच, ओळी त्याच, केवळ मोजणाऱ्याचा नियम निराळा. 'एकमेव अभ्यागत' हे परिमाण मनुष्यापर्यंत पोहोचते असे वाटते, परंतु एडब्ल्यूस्टॅट्स ते महिन्यापुरतेच मोजतो. वर्षाच्या कोष्टकात बारा महिन्यांची बेरीज दाखवून नेमका आकडा उपलब्ध नसल्याची सूचना तो स्वतःच देतो. दरमहा एकदा येणारा एकच माजी विद्यार्थी त्या बेरजेत बारा वेळा येतो. ही सूचना वाचणारे थोडे आणि बेरीज उतरवून घेणारे पुष्कळ, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

एक पत्ता, अनेक माणसे

सर्व्हर माणूस पाहत नाही, पत्ता पाहतो. या मर्यादेचे परिणाम दोन्ही दिशांनी होतात. २००० नंतरच्या दशकात तालुक्याच्या गावी सायबर कॅफेतील सारे संगणक एकाच जोडणीवर चालत. निकालाच्या दिवशी तेथे रांग लावून बसलेली पन्नास मुले बाहेरच्या सर्व्हरला एकच अभ्यागत म्हणून दिसत. १८४२ मध्ये नगरहून सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकासारख्या प्रारंभीच्या पत्रांबाबत वाचनसंस्कृतीचे अभ्यासक हाच प्रश्न विचारतात. एक अंक किती जणांनी हाताळला व किती जणांनी तो मोठ्याने वाचलेला ऐकला, हे वर्गणीदारांच्या यादीवरून सांगता येत नाही. पुढे मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि हजारो ग्राहकांच्या मागण्या कंपनीच्या मोजक्या पत्त्यांवरून बाहेर पडू लागल्या. अकोले तालुक्यातील वाचक कोष्टकात पुणे वा मुंबईचा दिसू लागला. याउलट घरी एक, कार्यालयात दुसरे व खिशात तिसरे उपकरण बाळगणारा एकच प्राध्यापक तीन अभ्यागत ठरतो.

परदेशी अभ्यागतांच्या आकड्याची गंमत तर वेगळीच आहे. वेबलायझर देश ठरवीत असे तो पत्त्याच्या शेपटावरून. पत्ता 'डॉट कॉम'ने संपत असेल तर तो 'अमेरिका, व्यापारी' या सदरात जाई. श्रीरामपूर वा संगमनेर येथील ग्राहकाला जोडणी देणाऱ्या कंपनीचे नाव डॉट कॉमने संपणारे असेल, तर तो ग्राहक आपसूक अमेरिकेचा रहिवासी होई. या कोष्टकांच्या आधारे आंतरराष्ट्रीय वाचकवर्गाचा दावा करणारी जुनी माहितीपत्रके आज कोणी वाचली तर त्यांतील अमेरिकेत आपला जिल्हाच बसलेला आहे, हे त्याने ध्यानात घ्यावे.

हजेरीपटावरील खोट्या नावांची जागा येथे यंत्रमानवांनी घेतली आहे. शोधयंत्रांचे स्वयंचलित वाचक प्रत्येक पृष्ठ वारंवार उघडतात. त्यांनी कोठे जाऊ नये हे सांगण्याचा संकेत मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्येच सुचविला होता, म्हणजे हा उपद्रव वेबइतकाच जुना आहे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांची त्यात भर पडली. काही यंत्रे आपली ओळख प्रामाणिकपणे सांगतात, काही माणसाचे सोंग घेतात. दारात दिसणारा साधा गणकदर्शक या दोघांना ओळखत नाहीच, शिवाय संकेतस्थळावर सूचना चढवून ती नीट दिसते का हे पाहणाऱ्या कार्यालयीन लिपिकालाही तो नवा अभ्यागत म्हणून नोंदवितो. गुणवत्ता अहवाल सादर करावयाच्या महिन्यात संख्या का वाढते, याचे उत्तर अनेकदा स्टाफरूममध्येच मिळते.

कालगणनेचाही येथे प्रश्न आहे. निजामशाही आणि मराठेशाहीतील कागदपत्रांवर शुहूर सन असतो. त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्री आल्यावर पालटते, म्हणून इसवी सन काढताना ५९९ मिळवावयाचे की ६०० हे महिना पाहून ठरवावे लागते. भाड्याचा सर्व्हर अमेरिकेच्या मध्य भागात असेल तर त्याचे घड्याळ हिवाळ्यात भारतीय वेळेच्या साडेअकरा तास मागे असते. सोमवारी सकाळी नऊ वाजता नगरमध्ये उघडलेले पृष्ठ तेथील नोंदवहीत रविवारी रात्री साडेनऊला पडते. तेथे उन्हाळी वेळ लागू झाली की हे अंतर एका तासाने कमी होते. रविवारी विद्यार्थी अधिक वाचन करतात, असा निष्कर्ष अशा नोंदवहीवरून काढणे सहज शक्य आहे.

शिर्डी : बंद दार आणि उघडे संकेतस्थळ

टाळेबंदीच्या काळातील शिर्डीचे उदाहरण या दृष्टीने विशेष विचार करण्यासारखे आहे. करोनाच्या साथीमुळे श्री साईबाबा समाधी मंदिर १७ मार्च २०२० रोजी भाविकांसाठी बंद झाले व १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडले. दुसऱ्या लाटेत ५ एप्रिल २०२१ पासून ते पुन्हा बंद होते व ७ ऑक्टोबर २०२१ रोजी दर्शन सुरू झाले. या दोन्ही कालखंडांत दर्शनरांगेतील संख्या शून्य होती. पूजा व आरत्या मात्र चालू होत्या आणि संस्थानच्या थेट प्रक्षेपणातून त्या जगभर पाहिल्या जात होत्या. १९१८ च्या समाधीनंतरच्या शतकभरात शिर्डीचा इतिहास हा वाढत्या यात्रेचा इतिहास आहे. त्याच्या लेखकाला या चौदा महिन्यांसाठी दर्शनरांगेच्या नोंदी उपयोगाच्या नाहीत, आणि त्याची नजर साहजिकच सर्व्हरच्या नोंदवहीकडे वळेल.

तेथे त्याला काय सापडेल? गूगलने 'अर्चिन' ही कंपनी २००५ मध्ये विकत घेऊन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू केलेली 'ॲनालिटिक्स' सेवा तोवर सर्वत्र रूढ झाली होती. तिच्या तेव्हाच्या पद्धतीत भेटीचा कालावधी हा पहिल्या व शेवटच्या नोंदीमधील अंतरावरून काढला जाई. जो केवळ एकच पृष्ठ उघडतो व दुसरीकडे कोठेही टिचकी मारत नाही, त्याच्या भेटीचा कालावधी, वेगळी व्यवस्था केलेली नसल्यास, शून्य धरला जाई आणि 'आले तसे गेले' या वर्गात त्याची गणना होई. एखाद्या घरी पहाटे काकड आरती लावून सारे कुटुंब हात जोडून शेवटपर्यंत बसले असेल, तर अशा मोजणीत ते कुटुंब एक अभ्यागत, एक पृष्ठ आणि शून्य सेकंद एवढेच उरते. चार पृष्ठे चाळून भक्तनिवासाचे दर पाहून निघून गेलेला मनुष्य मात्र अधिक गुंतलेला अभ्यागत ठरतो. दर्शन आणि दरपत्रक यांतील भेद मोजणीच्या नियमात नव्हता.

नोंदवह्यांचे भवितव्य

आतापर्यंतची चर्चा हे साधन उपलब्ध आहे असे धरून केली. वस्तुस्थिती तशी नाही. भाड्याच्या सर्व्हरवरील मूळ नोंदवही जागा व्यापते म्हणून ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसली जाते. पुष्कळ ठिकाणी ही मुदत एक महिन्याची असते. कंपनी बदलली, नूतनीकरणाचे पैसे वेळेवर भरले गेले नाहीत किंवा संकेतस्थळाचे काम पाहणारा शिक्षक निवृत्त झाला की कोष्टकेही जातात. संगणक आणीबाणी प्रतिसाद दलाने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार अशा नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले, पण त्या आदेशाचा हेतू सायबर गुन्ह्यांचा तपास हा आहे. इतिहासाला १८० दिवस म्हणजे काहीच नव्हे. ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून नोंदी घेईनाशी झाली आणि त्यानंतर वर्षभराने तिच्यातील साठविलेली माहितीही काढून टाकण्यात आली. ज्या संस्थांनी ती वेळेत उतरवून घेतली नाही त्यांची कित्येक वर्षांची आकडेवारी एका धोरणाबरोबर नाहीशी झाली. मामलेदार कचेरीच्या बस्त्यांना निदान वाळवी लागण्यास वेळ तरी लागत असे.

जिल्ह्याच्या नामांतराने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला आहे. १३ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने नामांतरास मान्यता दिली व ऑक्टोबर २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव अधिकृत झाले. संकेतस्थळाचा पत्ता बदलला की नोंदवही नव्याने सुरू होते. पत्ता तोच ठेवला तरी वाचक ज्या शब्दांनी शोध घेतो ते शब्द दोन नावांत विभागले जातात. २०२४ पूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना करताना ही फाळणी ध्यानात न घेतल्यास वाचक घटले असा आभास होईल.

महाविद्यालयाच्या पातळीवर यावर उपाय अवघड नाही आणि त्यास स्वतंत्र निधीही लागत नाही. दरमहा कोष्टकाची एक छापील प्रत काढावी. तिच्यावर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव, भेटीसाठी धरलेला कालखंड, यंत्रांच्या मागण्या वगळल्या आहेत किंवा नाहीत, आणि सर्व्हरचे घड्याळ कोणत्या देशाचे आहे हे चार तपशील हाताने लिहून ती ग्रंथालयात दप्तरी लावावी. मूळ नोंदवहीत लोकांचे संगणकीय पत्ते असतात व २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ती जशीच्या तशी जपणे वा इतरांस देणे जोखमीचे आहे. मासिक कोष्टकास ही अडचण नाही. अहवालात आकडा देताना 'अभ्यागत' हा मोघम शब्द टाळून पृष्ठे की भेटी हे स्पष्ट लिहावे. संख्या लहान दिसेल. मूल्यांकन समितीपुढे लहान संख्या ठेवण्यास प्राचार्य राजी होतील की नाही हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे, परंतु शिक्षकांना तो टाळता येणार नाही.

गेलेल्या वर्षांसाठी एक आडवाट अद्याप उरली आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेने जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती वेळोवेळी टिपून ठेवल्या आहेत. २००१ पासून त्या सर्वांस पाहता येतात. त्यांत जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाचे जुने मुखपृष्ठ आढळल्यास आणि त्याच्या तळाचा गणकदर्शक चित्ररूपाने बाहेरून आणलेला नसून मजकुरातच छापलेला असल्यास, त्या दिवसाचा आकडा तारखेसह हाती येतो. अशा पाच-सहा प्रती ओळीने मांडल्या की वाढीचा वेग दिसू लागतो. एखाद्या ठिकाणी हजारोंचा आकडा पुढच्या प्रतीत अचानक शेकड्यांवर आलेला दिसेल. तेथे वाचक गेले असे समजू नये. त्या दोन तारखांच्या दरम्यान बहुधा संस्थेने सर्व्हर बदलला, कंत्राटदार बदलला किंवा कोणीतरी आकडा पुन्हा शून्यावर आणला. त्या वर्षांची खर्चाची पावतीपुस्तके कार्यालयात शोधली तर यांपैकी नेमके काय घडले, तेही कळू शकेल.